पहिलं ‘नाही’

“बीपीचा त्रास आहे का?” असं विचारल्यावर शांतपणे “नाही” म्हणणारी माणसं वॉर्डात कितीतरी भेटतात, आणि मग पाच मिनिटांनी औषधांची पिशवी उघडली की त्यातून अॅम्लोडिपिनची, म्हणजे बीपीच्याच गोळीची, स्ट्रिप निघते. ही माणसं खोटं बोलत नसतात. त्यांचा हिशोब सरळ असतो, गोळी रोज चालू आहे, परवाच मोजलं तेव्हा बरोबर आलं, मग त्रास कुठाय? शुगरचं तसंच, थायरॉइडचंही तसंच. औषध नीट लागू पडलं म्हणूनच तो आजार त्यांच्या यादीतून गेलेला असतो. आणि आपण ‘पूर्वीचे आजार: नाही’ असं लिहून पुढच्या रकान्यात गेलो की कुणीही खोटं न बोलता कागद मात्र खोटा होऊन बसतो.

नर्सिंगला आल्यावर सगळ्यांना घाई असते ती इंजेक्शन कधी द्यायला मिळणार, सलाईन कधी लावायला मिळणार याची, आणि ते साहजिकच आहे, हातानं केलेलं काम दिसतं, जमलं की लगेच कळतं. हिस्टरी घेणं, म्हणजे पेशंटला विचारून त्याच्या त्रासाची आणि आजारांची माहिती लिहिणं, त्यामानानं फॉर्म भरण्यासारखं वाटतं. केस शीट घ्या, बेडपाशी जा, नाव वय पत्ता, काय होतंय, कधीपासून होतंय, सही, झालं. मला मात्र क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात जाऊन शिकणं, जसजसं पुढं गेलं तसतसं पक्कं वाटायला लागलंय की पेशंटशी होणारी आपली पहिली प्रोसिजर हीच आहे, आणि यात कौशल्य लागतं ते पहिल्या ‘नाही’च्या पलीकडे जायला. पहिल्या ‘नाही’वरून एवढंच कळतं की प्रश्न समोरच्याला कसा ऐकू गेला. खरं उत्तर बऱ्याचदा त्याच्या मागं असतं आणि ते बाहेर यायला अजून एक प्रश्न, थोडा वेळ आणि बसायला एक स्टूल लागतं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. १९७५ साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीत नव्यानं आलेल्या ८० पेशंटवर एक अगदी साधा अभ्यास केला होता. आधी रेफरलची चिठ्ठी वाचून आणि पेशंटचं ऐकून निदान लिहून ठेवायचं, मग अंग तपासून परत लिहायचं, मग टेस्ट झाल्यावर परत, आणि शेवटी जे निदान पक्कं ठरलं त्याच्याशी सगळं जुळवून बघायचं. ८० पैकी ६६ जणांच्या बाबतीत नुसत्या ऐकण्यावरून लिहिलेलं निदानच शेवटपर्यंत टिकलं. अंग तपासल्यामुळे फरक पडला ७ जणांत, टेस्टमुळे फरक पडला ७ जणांत. अभ्यास जुना आहे, तेव्हा आजच्यासारखी मशीनं नव्हती, हे सगळं मान्य. तरी कुठली टेस्ट करायची हे आजही पेशंट काय बोलला त्यावरूनच ठरतं ना, मशीनला कुणीतरी सांगावंच लागतं की कुठं बघ.

ऐकायचं म्हणजे काय, तर पहिलं मिनिट तोंड बंद ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड आहे, कारण हातात फॉर्म असतो आणि फॉर्मला आपला क्रम असतो, आणि पेशंट बोलतो तो त्याच्या क्रमानं. त्याला आधी गेल्या वर्षीचं सांगायचं असतं, मग मधेच मुलीचं, मग परत पायाच्या सुजेवर येतो. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटच्या भेटी रेकॉर्ड करून तपासल्या तेव्हा पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडलं जात होतं आणि ७४ भेटींपैकी फक्त १७ मध्ये पेशंटचं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण झालं होतं. आता याच्यावर कुणीही म्हणेल की बोलू दिलं तर थांबणारच नाहीत, वॉर्डात एवढा वेळ कुणाला आहे. तर तेही मोजून झालंय, २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात डॉक्टरांना सांगितलं होतं की पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत मधे बोलू नका, आणि पेशंट सरासरी ९२ सेकंदांत थांबले. दीड मिनिट फक्त. एका बीपीच्या रीडिंगला जेवढा वेळ जातो साधारण तेवढाच.

म्हणून मी आता फॉर्म बाजूला उलटा ठेवते, नाव सांगते, मी स्टुडंट आहे हे सांगते, किती वेळ लागेल ते सांगते, आणि “काय झालं, सुरुवातीपासून सांगा” एवढंच म्हणून बसते. उभं राहून नाही, बसून. उभ्या माणसाशी पेशंट घाईनंच बोलतो, त्याला वाटतं आपण कुणाचा तरी खोळंबा करतोय. मग ते जे पहिलं वाक्य बोलतात ते तसंच्या तसं, अवतरण चिन्हात, त्यांच्याच शब्दांत लिहायचं. ‘चीफ कम्प्लेंट’मध्ये, म्हणजे मुख्य तक्रारीच्या रकान्यात, ‘डिस्प्निया’ (धाप लागणे) लिहिणं सोपं आहे, पण “आडवं पडलं की बुडाल्यासारखं होतं” हे वाक्य लिहिलं तर वाचणाऱ्या डॉक्टरला तिथल्या तिथं कळतं की हा श्वास झोपल्यावर अडकतोय, आणि हे तर ‘डिस्प्निया’ या शब्दात कुठंच नाहीये.

बाकी साचा काय, तो सगळ्यांना पाठ असतो. आत्ताचा त्रास, पूर्वीचे आजार, ऑपरेशनं, औषधं, अॅलर्जी, घरच्यांचे आजार, सवयी, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक सिस्टिम. दुखण्यासाठी पीक्यूआरएसटी, म्हणजे कशानं वाढतं, कसं दुखतं, कुठं पसरतं, किती, कधीपासून. परीक्षेला हे सगळं येतं, आणि गडबडीत काही राहू नये म्हणून ते उपयोगाचंही आहे. पण नर्सिंगची हिस्टरी डॉक्टरांच्या हिस्टरीपेक्षा वेगळी का असते हे मला नर्सिंगच्या अभ्यासक मार्जरी गॉर्डन यांनी मांडलेले ११ फंक्शनल हेल्थ पॅटर्न, म्हणजे रोजच्या जगण्याच्या ११ बाजू, शिकताना नीट कळलं. त्यात झोप आहे, शी-लघवी आहे, हालचाल आहे, घरातलं स्थान आहे, ताण कसा झेलतात ते आहे, स्वतःबद्दल काय वाटतं ते आहे. डॉक्टर विचारतात आजार कोणता, आपण विचारतो या आजारासकट हा माणूस दिवस कसा काढतो. दोन्ही लागतं. आणि कधीकधी पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात सापडतं.

एक आजोबा होते, हार्ट फेल्युअरचे, पाय सुजून आणि धाप लागून परत अॅडमिट झालेले. चार्टवर फ्युरोसेमाइड होतं, म्हणजे लघवीची गोळी, जी अंगातलं साठलेलं पाणी बाहेर काढते. मुलगा शेजारीच बसलेला, अतिशय काळजी घेणारा, मोबाइलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. मी आजोबांना विचारायचे आणि उत्तर मुलगा द्यायचा. गोळ्या वेळेवर? हो. पथ्य? हो. झोप? बरी लागते. आजोबा नुसते मान हलवत होते. मग मुलगा कसलातरी रिपोर्ट आणायला खाली गेला आणि मी तोच प्रश्न जरा वेगळा करून विचारला, म्हटलं, “आजोबा, एवढ्या गोळ्या म्हटल्यावर एखादी राहून जातेच कुणाचीही, तुमची कुठली राहते?” त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाले, “ती पांढरी बारकी. ती मी बाजूला ठेवतो.” का हो? “अगं, सगळ्या रात्री एकदमच घेतो ना मी. ती घेतली की रात्रभर उठावं लागतं. दिवा लावला की घर जागं होतं. एकदा अंधारात जायला गेलो तर पडलो. कुणाला सांगितलं नाही.”

तीन-चार वाक्यांत केवढं होतं ते. गोळी बंद होती हे तर झालंच, पण का बंद होती तेही, घरात पडणं झालं होतं आणि ते लपवलं होतं हेही, आणि एक म्हातारा माणूस घरच्यांची झोप मोडू नये म्हणून स्वतःच्या छातीत पाणी साठू देत होता हेही. ‘औषधांचे नियमित सेवन: होय’ या ओळीत यातलं काहीच आलं नसतं. मी त्यांना म्हटलं की हे मला सिस्टरांना सांगावं लागेल, तुमच्या औषधासाठी, चालेल ना? ते म्हणाले मुलाला रागवू नका म्हणजे झालं. इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना, आणि उपाय फार मोठा नव्हता, ती गोळी सकाळी घ्यायची, दुसरा डोस असला तर दुपारीच उरकायचा, म्हणजे लघवीची धावपळ दिवसाच होऊन जाते आणि रात्र मोकळी राहते. बेडपाशी युरिनल, म्हणजे लघवीचं भांडं, ठेवायचं. आणि पडण्याची नोंद झाली, उठून उभं राहिल्यावर बीपी किती घसरतं तेही मोजायला सुरुवात झाली. चिठ्ठीवर दिवसातून किती वेळा घ्यायची ते लिहिलेलं होतं, कुठल्या वेळी ते त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

नातेवाइकांबद्दल मला काही तक्रार करायची नाहीये. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आठवत नाही, बेशुद्ध आलेत, लहान मुलं, त्यांची हिस्टरी नातेवाईकच देतात आणि किती नीट देतात, तापाच्या प्रत्येक आकड्यासकट. फक्त कुणी सांगितलं ते लिहायला हवं, ‘माहिती मुलानं दिली’ असं. आणि जो स्वतः बोलू शकतो त्याच्याबरोबर थोडा वेळ तरी एकट्यानं मिळायला हवा. घरात मारहाण होते का, घरी सुरक्षित वाटतं का, हे प्रश्न तर दुसरं कुणी खोलीत असताना विचारायचेच नसतात, कारण ज्याच्याबद्दल विचारतोय तोच शेजारी बसलेला असू शकतो. भाषा वेगळी असेल तर घरच्या माणसाला दुभाषा करायचं नाही तेही यासाठीच.

दुखण्याचं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, हा प्रश्न वॉर्डात दिवसभर चालू असतो आणि चांगला आहे तो, सकाळचा आठ दुपारी चार झाला तर औषध लागू पडतंय हे कळतं. पण ऑपरेशन झालेल्या एका काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “तुम्हीच लिहा बाई किती ते, मला काय कळतंय त्यातलं.” मग? चेहरा शांत होता, म्हणून दोन लिहून टाकायचं? मी त्यांना विचारलं की सकाळपासून काय काय केलंत. काही नाही. पाणी प्यायलात? “नाही, ग्लास तिकडं आहे ना.” ग्लास हाताच्या अंतरावर होता, टेबलावर. हात लांब केला की टाक्यांपाशी अशी काही ओढ बसायची की त्या सकाळपासून तहानलेल्या पडून होत्या, खोकला आला तरी दाबत होत्या. आणि पोटाच्या ऑपरेशननंतर खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबून धरला की फुप्फुसात कफ साठतो, न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे न सांगितलेलं दुखणं नुसतं दुखणं राहत नाही. आकडा त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही. मी लिहिलं, ‘वेदनेमुळे हात लांब करून पाणी घेता येत नाही, खोकणं टाळतात.’ ते वाचून सिस्टरांनी लगेच डॉक्टरांशी बोलून पेनकिलरचं बघितलं, आणि उशी पोटाशी धरून कसं खोकायचं ते मी त्यांना दाखवलं.

मार्गो मॅकॅफ्री या नर्सनं १९६८ मध्ये म्हणून ठेवलंय की दुखतं म्हणणारा माणूस सांगेल ते दुखणं आणि तो सांगेल तेव्हा ते असतं. हे मला मनापासून पटतं, फक्त ‘सांगेल’ याच्यात आपली जबाबदारीही येते असं मी धरते, त्याला सांगता येईल असं विचारायचं काम आपलं आहे. छातीत दुखतं का म्हटलं की हार्ट अटॅकचा पेशंटसुद्धा ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याला दुखत नसतं, जड वाटत असतं, दाबल्यासारखं, आवळल्यासारखं. डायबेटिस असलेल्यांना, वयस्करांना, बायकांना तर छातीचं काहीच जाणवत नाही असंही होतं, नुसता घाम, मळमळ, थकवा, धाप. म्हणून ‘दुखतं का’च्या ऐवजी ‘छातीत काय वाटतंय’.

आणि हे काही आजचं शहाणपण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये अगदी हेच लिहिलंय, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका म्हणून. रात्र बरी गेली का असं विचारलं तर एकाला सलग दहा तास झोप नाही मिळाली तरी रात्र वाईट गेली असं वाटतं आणि दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली तरी बरी गेली असं वाटतं, म्हणून विचारा की किती तास झोप झाली आणि रात्रीच्या कुठल्या वेळी झाली. दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि आपण अजून राउंडला “झोप लागली ना?” असंच विचारतो. त्या ‘ना’मध्ये ‘हो म्हणा’ असं आधीच सांगून झालेलं असतं.

औषधांचा रकाना. इथं तर ‘नाही’चं पीक येतं. “औषधं चालू आहेत का?” “नाही.” कारण इन्सुलिन हे इंजेक्शन आहे, औषध नाही. इनहेलर पंप आहे. गर्भनिरोधक गोळी तर आजारासाठी नसतेच. अंगदुखीला दुकानातून आपणच आणलेली आयबुप्रोफेन कुणी लिहून दिलेली नाही म्हणून धरायची नाही. जडीबुटी, पावडर, काढे, ते नैसर्गिक. डोळ्यात घालायचे थेंब तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि नेमकं तिथंच बघायला हवं, कारण काचबिंदूसाठी देतात त्या टिमोलॉलच्या थेंबांतलं औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं, आणि ज्याला दमा आहे त्याच्या श्वासनलिका त्यानं आवळू शकतात. आता दम्याचा अॅटॅक आलेला माणूस डोळ्यातल्या थेंबाचा विषय स्वतःहून कशाला काढेल? आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरनं बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, आणि बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला ती आली तर किडनीचं काम आणखी बिघडतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि ऑपरेशनच्या टेबलावर ते कळलं तर काय, हे तर सांगायलाच नको. म्हणून मी ‘औषध’ हा शब्द जरा बाजूला ठेवून विचारते की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाता, टोचता, ओढता, लावता, थेंब घालता, सगळं सांगा. मग यादी निघते. आणि शक्य असेल तर नावं ऐकून न लिहिता पाकिटावरून बघून लिहायची, एकसारख्या नावांची कितीतरी औषधं आहेत.

अॅलर्जीत उलटं होतं, तिथं पहिलं ‘हो’ तपासावं लागतं. साधारण दहातला एक पेशंट पेनिसिलिनची अॅलर्जी असल्याचं सांगतो, आणि नीट तपासलं तर त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ती नसते. कुणाला लहानपणी औषधानं पोट बिघडलं होतं, कुणाच्या अंगावर आलेलं पुरळ त्या तापाचंच होतं, कुणाला आई सांगायची म्हणून. आणि एकदा लाल अक्षरात लिहिलं गेलं की आयुष्यभर त्या माणसाला दुसरी, जास्त जड अँटिबायोटिक्स मिळत राहतात. हे वाचून स्टुडंटनं लगेच ती नोंद खोडायची असा अर्थ नाही काढायचा, अजिबात नाही. आपण विचारायचं की नेमकं काय झालं होतं, किती वेळानं झालं, श्वास अडकला का, ओठ-चेहरा सुजला का, किती वर्षं झाली, आणि ते सगळं लिहून डॉक्टरांना सांगायचं. ‘पेनिसिलिन: अॅलर्जी’ आणि ‘पेनिसिलिन: लहानपणी जुलाब झाले होते’ या दोन नोंदी सारख्या नाहीत.

दारू-तंबाखूचं विचारायला सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातं, विशेषतः समोर आपल्या वडिलांच्या वयाचं माणूस असेल तर. मग आवाज खाली जातो, प्रश्न घाईत उरकला जातो, आणि तो अवघडलेपणा समोरच्याला बरोब्बर कळतो. सिगारेट? “सोडली.” कधी? “परवा, अॅडमिट झालो तेव्हा.” म्हणजे आपण ‘ओढत नाहीत’ लिहिलं असतं तर तीस वर्षांचा धूर एका शब्दात पुसला गेला असता. रोजची पाकिटं गुणिले वर्षं म्हणजे पॅक-इयर, रोज २० सिगारेटचं एक पाकीट धरून, तर रोज दहा याप्रमाणे तीस वर्षं म्हणजे १५ पॅक-इयर, आणि हा आकडा सोडल्यानंतरही लिहायचाच असतो. दारूचं तर वेळेचं गणित आहे. रोज बरीच घेणारा माणूस अॅडमिट होऊन अचानक थांबला तर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, घबराट सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. बाहेरून दिसताना ते ऑपरेशननंतरचं गोंधळलेपण वाटतं. म्हणून “घेता का?” याच्यापेक्षा “शेवटची कधी घेतली होती, किती?” हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तो चारित्र्याचा दाखला मागितल्यासारखा न विचारता, आधी सांगून टाकायचं की हे मी सगळ्यांना विचारते, तुमच्या सलाईन-औषधांसाठी लागतं. सगळ्यांना विचारते हे खरंही असायला हवं, म्हणजे साध्या दिसणाऱ्या आजींनाही तेच विचारायचं.

लघवी कपड्यात होते का, संबंधांच्या वेळी त्रास होतो का, पाळी, गर्भपात, मनात मरायचे विचार येतात का. हे प्रश्न पडद्याआड विचारले तरी पडद्यानं फक्त दिसायचं थांबतं, आवाज शेजारच्या बेडवर जातोच. हे माझ्या फार मनाला लागतं. कितीतरी ‘नाही’ हे शेजारच्या बेडला दिलेलं उत्तर असतं. शक्य असेल तर बाजूच्या खोलीत न्यायचं, नसेल तर खुर्ची अगदी जवळ घेऊन हळू आवाजात, नाहीतर सरळ पुढच्या वेळेसाठी ठेवायचं आणि ‘विचारायचे राहिले’ असं लिहायचं. न विचारता ‘नाही’वर खूण करण्यापेक्षा तो रिकामा रकाना कितीतरी प्रामाणिक आहे.

मग कुणीतरी म्हणतं, “सांगतो, पण लिहू नका.” या वाक्यापाशी थांबायला शिकवलंय आम्हाला, आणि बरोबर शिकवलंय. सांगायच्या आधीच त्यांना सांगायचं की मी हे कुणाजवळ गप्पांत बोलणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा उपचाराला लागत असेल तर सिस्टरांना सांगावंच लागेल. आधी वचन देऊन मग मोडण्यापेक्षा हे बरं. गंमत म्हणजे असं स्पष्ट सांगितल्यावरही बहुतेक जण सांगतातच.

आणि चिडतातही. “किती वेळा तेच तेच सांगायचं, आत्ताच त्या डॉक्टरांनी विचारलं, मग सिस्टरनी, आता तुम्ही.” त्यांचं अगदी बरोबर आहे. मी आता आधीची नोंद वाचूनच जाते, आणि म्हणते की मला एवढं एवढं माहिती आहे, पुढचं तुम्ही सांगा. तरी काही गोष्टी परत विचाराव्याच लागतात, कारण दुसऱ्यांदा सांगताना माणसाला आठवतं. पहिल्यांदा तो घाबरलेला असतो, दुखत असतं, ऑक्सिजन लावलेला असतो. ज्या माणसाला मधल्या काळात झोप मिळाली त्याची हिस्टरी वेगळी निघते.

उठायच्या आधी विचारायच्या एका प्रश्नावरही अभ्यास झालाय, २००७ मध्ये, जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांचा. पेशंटचं मुख्य दुखणं सांगून झाल्यावर डॉक्टरांच्या एका गटानं “अजून एखादी गोष्ट बोलायची आहे का” अशा धर्तीवर विचारलं, आणि दुसऱ्या गटानं जो शब्द वापरला त्याचा कल नकाराकडे होता, आपल्याकडं “अजून काही नाही ना?” म्हणतात तसा. पहिल्या प्रकारच्या प्रश्नानं मनात राहून गेलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या, दुसऱ्याचा न विचारण्याइतकाच उपयोग झाला. भेटीचा वेळही वाढला नाही. हे कळल्यापासून मी पेन खाली ठेवून “अजून काय सांगायचंय?” असं विचारते आणि मनात पाचपर्यंत मोजते. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्याला ते बोलायला लागतात.

आणि मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, आधीच्या नोंदींतलं लागेल तेही. यात दोन-तीन मिनिटं जातात, पण माणूस लगेच सावरून बसतो, आपलं बरोबर लिहिलंय का ते ऐकायला. स्ट्रोकनंतर अॅडमिट असलेल्या एका काकांच्या आधीच्या नोंदीत ‘गोळ्या घ्यायला नकार’ असं होतं, आणि मी ते वाचल्यावर त्यांनी हातानं मला थांबवलं. बोलणं थोडं अडखळत होतं. म्हणाले, “नकार नाही. गिळता येत नाही. घशात राहते.” मी ते तसंच्या तसं अवतरण चिन्हात लिहिलं, वेळ टाकली आणि सिस्टरांकडे गेले, कारण स्ट्रोकमध्ये गिळणं बिघडलेलं असेल तर गोळी काय, पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही असं ठरलं. तपासणीनंतर घट्टसर द्यायला परवानगी मिळाली, पण त्यांच्या गोळ्यांतली एक हळूहळू विरघळणारी होती, तशी गोळी चुरून देता येत नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो, तर तिच्या जागी काय द्यायचं ते डॉक्टरांनी आणि फार्मासिस्टनी मिळून बघितलं, आणि नवीन चार्टवर पहिल्याच ओळीत ‘गिळण्याचा त्रास’ आलं.